वाऱ्याच्या झोताचाही आकडा छापा

महोदय,

छोटे हेलिकॉप्टर कोसळले की बातमीत ‘सोसाट्याचा वारा सुटला होता’ एवढ्यावर कारण आटोपते. वारा किती होता, यापेक्षा तो किती कमी-जास्त होत होता हे कळायला हवे. नेमका तोच आकडा छापून येत नाही.

रॉबिन्सन कंपनीच्या आर-२२ आणि आर-४४ या दोन पात्यांच्या हलक्या हेलिकॉप्टरांसाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९५ मध्ये मर्यादा घातली. वैमानिकाचे हेलिकॉप्टरवर २०० तास, त्यांतले ५० त्याच प्रकारावर आणि खास प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत, जमिनीलगतचा वारा झोतांसह २५ नॉटच्या (ताशी ४६ किमी) वर असेल किंवा झोतांचा चढउतार १५ नॉटपेक्षा जास्त असेल, तर उड्डाण बंद. वारा घटकेत ८, घटकेत २४ नॉट असेल तर पहिली अट पाळली जाते, दुसरी मोडते.

कारण रोटरच्या, म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पात्यांच्या, रचनेत आहे. ही दोन पाती मास्टवर (त्यांना फिरवणाऱ्या उभ्या खांबावर) सी-सॉसारखी झुलतात आणि खालचा सांगाडा त्यांना लटकलेला असतो. वाऱ्याच्या दणक्याने किंवा वैमानिकाने हातातला सुकाणूचा दांडा पुढे रेटल्याने रोटरवरचा भार क्षणभर उतरला, की शेपटीच्या पंख्याचा रेटा हेलिकॉप्टरला उजवीकडे कलंडवतो. अशा वेळी हात आपसूक दांडा डावीकडे ओढतो. रोटर डावीकडे झुकतो, पण सांगाडा त्याच्यामागे येत नाही. रोटरचा मधला भाग मास्टवर आदळतो आणि मास्ट तुटू शकतो, किंवा पाते केबिनमध्ये घुसते. म्हणून आधी दांडा हलकेच मागे घेऊन भार परत आणायचा, कल मग सावरायचा. सांगायला सोपे; प्रत्यक्षात हाताशी असतात एक-दोन सेकंद. न्यूझीलंडच्या अपघात तपास आयोगाने २०१६ मध्ये हा धोका आपल्या विशेष लक्ष ठेवण्याच्या यादीत घातला, तो उगाच नव्हे.

कंपनीच्या सूचनेनुसार हेलकावे लागताच वेग ६० ते ७० नॉटवर आणावा, पट्टा आवळावा, उजवा हात मांडीवर टेकवावा म्हणजे झटक्याने दांडा हलत नाही. प्रत्येक झोताशी झुंजू नये. डोंगराच्या वाऱ्याआडच्या अंगाने तर जाऊच नये. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सह्याद्री ओलांडतो तेव्हा ते अंग देशाकडचे असते. वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर ढगाखालून येणारा वारा मिनिटभरात दिशा बदलतो, तिथे सकाळचा अंदाज कामाचा नाही.

सभा, यात्रा किंवा लग्नासाठी हेलिकॉप्टर मागवणाऱ्यांनी वैमानिक ‘थांबू या’ म्हणाला तर घड्याळ दाखवू नये. बातमीदारांनीही वाऱ्याचा सरासरी वेग, सर्वांत मोठा झोत आणि उतरण्याची जागा डोंगराच्या कोणत्या अंगाला होती, एवढे तीन तपशील जरूर मिळवावेत.

– एक वाचक, पुणे