फौज मोडली, कोठारे उघडी ठेवली

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहशतवादी हल्ला झाला की आपल्या वाचक-पत्रांच्या सदरात एक मागणी हमखास येते : नेता असा हवा, की जो एकदाच घुसून सगळे संपवून टाकील. चार-दोन पत्रलेखक त्यासाठी अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांचा दाखला देतात. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी आहे, त्या साताऱ्यात तरी हा दाखला न तपासता सोडता कामा नये. बुश यांनी २००३ मध्ये इराकवर लढाई लादली ती दहशतवाद निपटण्याच्या नावाखाली. जगाला हादरवणारी आयसिस उभी राहिली ती त्याच लढाईच्या मागे राहिलेल्या माणसांतून आणि दारूगोळ्यातून.

आधी कारण पाहू. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत सांगितले, की सद्दाम आणि अल-कायदा यांच्यातला दुवा म्हणजे जॉर्डनचा दहशतवादी अबू मुसाब अल-जरकावी. प्रत्यक्षात जरकावीशी जोडलेला दहशतवादी तळ ईशान्य इराकमध्ये, सद्दामचा अंमल नसलेल्या कुर्दी भागात होता. इराकने अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचे शिक्षण दिले, हा दावा इजिप्तमध्ये छळ झालेल्या एका कैद्याच्या जबाबावर उभा होता; पुढे त्याने तो जबाब मागे घेतला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकी आयोगालाही २००४ मध्ये इराक आणि अल-कायदा यांच्यात प्रत्यक्ष संगनमत आढळले नाही. आणि ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीने लढाईच्या तोंडावरच लेखी बजावले होते, की हल्ला केल्यास अल-कायदाचा धोका वाढेल. म्हणजे इशारा मिळालाच नाही, असे म्हणायची सोय नाही.

आता फौजेची बाजू. लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी २५ फेब्रुवारी २००३ रोजी सिनेटच्या समितीपुढे सांगितले, की इराक ताब्यात ठेवायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांनी संरक्षण उपमंत्री वुल्फोविट्झ यांनी हा अंदाज उडवून लावला. ज्यांनी पहारा दिला आहे त्यांना शिन्सेकींचा हिशेब लगेच कळेल. एका चौकीवर दोन संत्री चोवीस तास उभे करायचे, तर दोन तास पहारा आणि चार तास विश्रांती या पाळीने सहा जवान आणि वर एक गार्ड कमांडर लागतो. काही किलोमीटर पसरलेल्या एका कोठाराला अशा कितीतरी चौक्या हव्यात, आणि इराकभर लाखो टन दारूगोळा अशा कोठारांत पडून होता. पलटणी बगदादच्या रस्त्याने पुढे गेल्या, मागे कोत, म्हणजे शस्त्रागार, राखायला माणूस उरला नाही. बगदादच्या दक्षिणेला अल-काका इथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखालची तीनशे टनांहून जास्त जहाल स्फोटके होती. ती नाहीशी झाल्याचे ऑक्टोबर २००४ मध्ये उघड झाले. पुढे रस्त्याच्या कडेला अमेरिकी गाड्या उडवणारे बॉम्ब बनले ते मुख्यतः असल्या बेवारस तोफगोळ्यांपासून.

दारूगोळा मोकळा झाला. तो चालवणारी माणसे मे २००३ मध्ये मोकळी केली गेली. इराकी लष्कर राखायचे, असा बेत मार्चमध्ये बुश यांच्यासमोर मंजूर झाला होता. तरीही त्यांचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी १६ मे २००३ रोजी पहिला हुकूम काढला : सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरचे सगळे सरकारी नोकरीतून बाहेर. प्रत्येक खात्याच्या वरच्या तीन थरांतल्या अधिकाऱ्यांचीही छाननी झाली. नोकरी टिकावी म्हणून सभासद झालेले शिक्षकही त्यात भरडले गेले. २३ मेच्या दुसऱ्या हुकमाने सगळे लष्कर बरखास्त झाले. साडेतीन लाखांहून जास्त माणसे घरी बसली, ती हत्यार चालवायला शिकलेली, आणि पगार-पेन्शन काय मिळणार याचा पत्ता नाही. १८ जूनला बगदादमध्ये त्यांनी निदर्शने केली, तेव्हा अमेरिकी गोळीबारात दोघे माजी सैनिक मेले. भत्ता देण्याची घोषणा झाली ती त्यानंतर, २३ जूनला. फौजी घरातल्या कुणालाही विचारा, पगार बंद होणे आणि वर अपमान होणे म्हणजे काय.

२ जुलैला बुश म्हणाले, हल्ले करायचे असतील तर येऊ द्या त्यांना. ऑगस्टच्या १९ तारखेला बगदादमधली संयुक्त राष्ट्रांची कचेरी बॉम्बने उडाली आणि संयुक्त राष्ट्रांचे विशेष दूत सर्जिओ व्हिएरा दे मेलो यांच्यासह २२ जण ठार झाले. तो हल्ला जरकावीच्या गटाचा होता.

फलुजाचे प्रकरण तर प्रत्येक लष्करी शाळेत शिकवावे असे आहे. ३१ मार्च २००४ रोजी चार अमेरिकी खासगी सुरक्षारक्षकांना तिथे मारून त्यांतल्या दोघांचे मृतदेह पुलावर टांगले. मरीनच्या सेनापतींचे मत होते, की घाई नको, गुन्हेगार हुडकून पकडू. वरून हुकूम आला, शहरावर चढाई करा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चढाई सुरू झाली, नागरिक मेले, अरब वाहिन्यांनी ते रोज दाखवले आणि काही दिवसांतच वरूनच थांबण्याचा आदेश आला. शहर एका स्थानिक ब्रिगेडकडे सोपवले, ती कोलमडली आणि तिला दिलेल्या रायफली, गाड्या बंडखोरांच्या हाती पडल्या. नोव्हेंबरमध्ये दुसरी, कितीतरी मोठी लढाई करावी लागली. जरकावी तोवर निसटला होता. ऑक्टोबरमध्येच त्याने बिन लादेनशी निष्ठा जाहीर केली होती. म्हणजे पॉवेल यांनी सांगितलेला दुवा लढाईच्या आधी नव्हता, लढाई सुरू झाल्यावर दीड वर्षाने तयार झाला.

उरलेले काम तुरुंगांनी केले. अबू गरेब तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रे एप्रिल २००४ मध्ये बाहेर आली. उम्म कसरजवळच्या कॅम्प बुकामध्ये कडवे प्रचारक आणि सद्दामचे जुने अधिकारी एकाच कुंपणात ठेवले. २००४ मध्ये तिथे काही महिने राहून सुटलेला एक कैदी म्हणजे जरकावीच्या गटातून पुढे उभ्या राहिलेल्या आयसिसचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी. आयसिसची बांधणी करणारा हाजी बक्र हा सद्दामच्या हवाई संरक्षण दलातला कर्नल.

यावर २००७ चे उदाहरण दिले जाते : बुश यांनी सुमारे तीस हजार जादा सैनिक पाठवले आणि हिंसाचार उतरला. उतरला, हे खरे. पण त्यात मोठा वाटा अल-कायदाविरुद्ध उठलेल्या सुन्नी टोळ्यांचा होता. सुमारे एक लाख माणसे महिना तीनशे डॉलरच्या आसपास पगारावर घेतली गेली. २००३ मध्ये ज्यांना हाकलले, त्यांच्यातल्याच अनेकांना पगार द्यावा लागला. पुढे इराकचे पंतप्रधान मलिकी यांच्या सरकारने त्यांना नोकऱ्यांत सामावून घेतले नाही, आणि १० जून २०१४ रोजी उत्तर इराकमधले मोसुल शहर आयसिसच्या हाती पडले.

त्याच मोसुलमध्ये चाळीस भारतीय मजूर पळवले गेले. एक निसटला. उरलेल्या ३९ जणांचे अवशेष बदूशजवळच्या टेकाडात सापडले आणि डीएनए जुळवून ओळखावे लागले : पंजाबचे २७, बिहारचे ६, हिमाचलचे ४, बंगालचे २. मार्च २०१८ मध्ये संसदेत ही बातमी आली. चार वर्षे त्यांच्या घरच्यांनी वाट पाहिली होती.

आपले जवानही तिथे अडकले असते. अमेरिकेने भारताकडे डिव्हिजनभर फौज मागितली होती. वाजपेयी सरकारने १४ जुलै २००३ रोजी नकार दिला, त्याबद्दल या जिल्ह्याने त्यांचे कायम ऋणी राहावे. पहिल्या महायुद्धात, इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या १४७ दिवसांच्या वेढ्यात १९१५-१६ मध्ये इंग्रजांच्या मराठा पलटणी उपाशी लढल्या आणि नंतर तुर्कांच्या कैदेत खितपत पडल्या. दुसऱ्याच्या हट्टापायी इराकमध्ये मरणे आपल्याला नवे नाही.

दहशतवाद्याला मोकळे सोडा, असे मी म्हणत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर जावळी तालुक्यातल्या केडंबेच्या तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत कसाबच्या बंदुकीची नळी सोडली नाही. कसाब जिवंत सापडला म्हणून प्रशिक्षण कुठे झाले, बोट कुठून निघाली, हे त्याच्या तोंडून आले. त्या पुराव्यांपुढे पाकिस्तानला फेब्रुवारी २००९ मध्ये कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचे कबूल करावे लागले. तिथला खटला रखडला, त्याची चीड मलाही आहे. तरी बुश यांचा दाखला देणाऱ्यांनी पुढच्या पत्रात एवढे लिहावे : शहर घेतल्यावर कोठारावर पहारा कोण देणार, मोडलेल्या फौजेचा पगार कोण भरणार आणि कैद्यांना कुणाच्या शेजारी कोंडणार?

आपला,
एक माजी सैनिक,
कोरेगाव, जि. सातारा