मामा, तुमच्या बुटात खडा नव्हता

मामा,

स. न. वि. वि.

मामा म्हणतेय खरी, पण तुम्ही माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच असाल. गडावर सगळेच म्हणत होते, मीही म्हटलं. तुम्ही मला ताई म्हणालात. त्या दिवशी सकाळपासून तसं म्हणणारे तुम्ही पहिलेच. त्याआधी चार तास मी 'मावशी' होते, आणि ती हाक नात्यातली नव्हती, ओझं झालेल्या माणसाला मारतात तशी होती.

हे पत्र तुमच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवतेय. नंबर तुमच्या झोपडीवरच्या बॅनरवरून उतरवून घेतला होता. गडावर रेंज नाही, पोरगं खाली खुबी फाट्याला आलं की पोचेल. चार लोकांनी वाचलं तरी हरकत नाही, म्हणून उघडच लिहितेय.

हरिश्चंद्रगड मला बघायचा होता तो केदारेश्वरासाठी. डोंगराच्या पोटात गुहा, गुहेत कमरेएवढं गार पाणी, मधोमध पुरुषभर उंचीचं शिवलिंग, आणि भोवतीच्या चार खांबांपैकी उभा राहिलेला एकच. चाळीस वर्षं फोटो बघत होते. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता नाही तर कधी? पुण्यातल्या एका ट्रेकवाल्या ग्रुपला पैसे भरले. 'सोपा ते मध्यम' असं लिहिलं होतं, आणि सगळ्यात मागे आमचा एक माणूस कायम असतो, असंही. होता ना, तोलार खिंडीपर्यंत होता. खिंडीतल्या त्या दगडात कोरलेल्या वाघापाशी मी दम खात बसले, तर म्हणाला, "मावशी, तुम्ही आरामात या. वाट सरळ आहे, बाण काढलेत." आणि गेला. पुढच्यांना जेवणाची वेळ गाठायची होती.

रेलिंगचा कातळटप्पा मी चढले, तो काही एवढा नाही. पण वरच्या पठारावर वाट सरळ आहे म्हणणाऱ्याला एकदा धुक्यात तिथे एकटं सोडायला हवं. एक टेकाड उतरलं की ओढा, ओढा ओलांडला की पुन्हा तसंच टेकाड. सप्टेंबर संपत आलेला, सगळीकडे सोनकी फुललेली, पण तो पिवळा रंगही दहा हातांवर संपत होता. एक बाण दिसला, त्याच्या दिशेने गेले, पुढे बाणच नाही. मागे वळले तर मघाचा बाणही सापडेना. गळ्यात शिट्टी होती, त्यांनीच दिलेली, त्यांचंच नाव छापलेली. तीनदा फुंकली.

उत्तर आलं ते तुमच्या खोकल्याचं.

डोक्यावर बेसनाचं पोतं, त्यावर निळा प्लास्टिकचा कागद, असे तुम्ही त्या पांढऱ्यातून बाहेर आलात. "हिकडं कुठं ताई? ही वाट न्हाय. म्होरं नुसतं रान." मला वाटलं आता तुम्ही पुढे निघाल आणि मी तुमच्या पाठीमागे धापा टाकत पळेन, सकाळपासून तेच चाललं होतं. तर तुम्ही म्हणालात, "तुम्ही म्होरं व्हा, मी मागनं वाट सांगतो."

आणि मग तो खडा.

पहिल्या चढावर माझा श्वास फुलला, मी थांबले. लगेच मागून आवाज, "थांबा ताई, बुटात खडा गेला वाटतं." तुम्ही पोतं दगडावर टेकवलंत, खाली बसलात, बूट काढलात, उलटा करून झटकलात, आत डोळा लावून बघितलंत, पुन्हा झटकलात. सगळं सावकाश. तोवर माझी छाती जागेवर आली. निघालो. पुढच्या ओढ्यापलीकडे पुन्हा मी थांबले, पुन्हा तुमचा खडा. असं पाच-सहा वेळा झालं असेल. शेवटी मलाच तुमची दया आली. म्हटलं, "मामा, बूट बदला आता, किती त्रास देतायत." तुम्ही हसलात, "बदलायचं हायेत."

देऊळ कसं दिसलं ते सांगत बसत नाही, तुम्ही रोज बघता. आधी काहीच नव्हतं, आणि मग एकदम नाकासमोर काळा कोरीव दगड उभा राहिला, एवढंच. बाजूची पुष्करणी, तिचे चौदा कोनाडे, चांगदेवांचं नाव असलेला शिलालेख, हे सगळं मी नंतर बघितलं. आधी तुमच्या झोपडीत चुलीपाशी बसले.

तुम्ही बूट काढून चुलीजवळ ठेवलेत. सुकायला उलटे करावेत म्हणून मी ते उचलले. पावसाळ्यात मिळतात तसले अखंड प्लास्टिकचे बूट. कुठे भोक नाही, चीर नाही, घोट्याशी गच्च. आणि आलो ती वाट तर नुसती गवत नि चिखल. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही बुक्कीनं कांदा फोडलात आणि माझ्या ताटात सरकवलात. दोघंही काही बोललो नाही.

माझ्यासाठी लोक थांबत नाहीत असं नाही. माझा मुलगा थांबतो, पण हातातली गाडीची किल्ली वाजवत. नातेवाईक थांबतात आणि "सावकाश ये गं" असं इतक्या मोठ्यांदा म्हणतात की जिन्यातल्या सगळ्यांना कळतं. गुडघे गेल्यापासून मी किती जणांचा खोळंबा केला याचा हिशोब मनात चालूच असतो. त्या वाटेवर तासभर तो हिशोब बंद होता. उलट तुमच्यामुळे मलाच उशीर होतोय असं वाटत होतं. चक्क!

माझे वडील पोस्टमन होते. मीही पुढे टपाल खात्यातच चौतीस वर्षं काढली. एका घरात मुंबईच्या मुलाची मनीऑर्डर यायची बंद झाली होती. त्या घरावरून जाताना वडील सायकलची घंटी वाजवत नसत. आत म्हातारी कान लावून बसलेली असायची. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, त्यांच्याबरोबर एकदा सायकलवर गेले तेव्हा मला दिसलं. चांगुलपणावर भाषणं खूप ऐकली मी, खात्यातल्या कार्यक्रमांत तर फारच. पण हे असं न वाजवलेल्या घंटीसारखं काही आठवायला गेलं तर दुसरं पटकन सापडत नाही. आता तुमचा खडा आहे.

चहाचे, भाकरीचे पैसे तुम्ही चोख घेतलेत, ते बरं केलंत. सुटे नव्हते म्हणून उरलेल्या पैशांत आणखी एक चहा पाजलात, तेही आवडलं. वाट दाखवल्याचं काही द्यायला गेले तर म्हणालात, "मी बेसन घिऊन येतच हुतो की."

ग्रुपवाले कोकणकड्यावरून परत आले आणि म्हणाले, "बघा मावशी, म्हटलं नव्हतं जमेल म्हणून?" संध्याकाळी त्यांनी 'सगळे सुखरूप' असं लिहून फोटो टाकला, त्यात मी मधोमध आहे. अभिप्रायाचा फॉर्म आला, निदान एक तारा द्यावाच लागतो म्हणे. मी फॉर्मच भरला नाही. उतरताना मात्र त्यांनी मला सगळ्यांत पुढे ठेवलं. तुम्ही त्या पोराला बाजूला घेऊन काय सांगितलंत कोण जाणे.

केदारेश्वरापाशी मी तुम्हाला विचारलं होतं, चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की कलियुग संपणार म्हणतात, खरं का? तुम्ही म्हणालात, "आज्यापासनं येकच बघतुय. पडंल तवा पडंल." मग मी पाण्यात पाय सोडून बसले आणि तुम्ही बाहेर जाऊन उभे राहिलात.

कोकणकडा मला दिसलाच नाही. पोटावर झोपून डोकं बाहेर काढलं तर खाली नुसतं दूध, आणि खालून वर येणारा वारा. चष्मा पुसून पुसून कंटाळले. तुम्ही म्हणालात कार्तिकात या, सगळं कोकण दिसेल. तर त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात येतेय. बरोबर धाकटी बहीण आहे, तिचेही गुडघे माझ्यासारखेच. ग्रुपबरोबर नाही, आम्ही दोघीच. खिरेश्वरहून उजाडताच निघू, तुमचा पोरगा खाली भेटला तर बरं. पिठलं-भाकरी दोघींची धरा, वेळेचं मात्र विचारू नका.

येताना खोकल्याचं औषध आणते. बूट आणणार नाही. ते धड आहेत, मी बघितलेत.

तुमची,
शिट्टीवाली ताई