हिपॅटायटीस सी बरा होतो, पण रिपोर्ट पॉझिटिव्हच येत राहतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लिव्हरवर अख्खं पान होतं, फॅटी लिव्हर, वजन कमी करायची इंजेक्शनं, 2024 ला अमेरिकेत मंजुरी मिळालेली रेसमेटिरॉम गोळी, सगळं वाचलं आणि छानच होतं, पण लिव्हरच्या आजारात गेल्या दहा-बारा वर्षांत जी सगळ्यात मोठी गोष्ट झाली तिच्यावर एक ओळसुद्धा नव्हती म्हणून हे लिहितेय. हिपॅटायटीस सी, म्हणजे विषाणूमुळे होणारा लिव्हरचा आजार, आता बरा होतो. नुसता आटोक्यात राहतो असं नाही, पूर्ण बरा होतो, आणि तो पण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी.

आमच्या घरातलंच सांगते. 2022 ला आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर रिपोर्टवर एचसीव्ही रिअॅक्टिव्ह, म्हणजे हिपॅटायटीस सी ची टेस्ट पॉझिटिव्ह. आईला कधी साधी कावीळ झालेली नाही. डॉक्टरांनी विचारलं, कधी रक्त चढवलेलं का, तेव्हा आठवलं की 1991 ला धाकट्या भावाच्या बाळंतपणात दोन बाटल्या लागल्या होत्या. हा विषाणू सापडलाच मुळी 1989 मध्ये आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली ती 2000 नंतर. नक्की त्या रक्तातूनच आला हे आता कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, पण डॉक्टरांना तेच वाटलं. म्हणजे एकतीस वर्षं तो आत होता आणि आईला काही म्हणजे काही जाणवलं नाही, लिव्हर बरंच खराब होईपर्यंत त्रासच देत नाही.

मग घरात जे सुरू झालं ते आठवलं तरी पोटात तुटतं. कोणी म्हणालं अमुक गावात काविळीची माळ घालतात, माळ वाढत गेली की कावीळ उतरते, कोणी नाकात सोडायचं झाडपाल्याचं औषध सांगितलं. आईने न सांगता स्वतःचा तांब्या वेगळा काढला, त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधला आणि माझ्या मुलाला मांडीवर घेईना. हा आजार रक्तातून पसरतो, एकाच ताटात जेवून किंवा पोराचा मुका घेऊन नाही, हे तिला पटवायला आम्हाला गोळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

गोळ्या सिव्हिलला फुकट मिळाल्या. 28 जुलै 2018 पासून केंद्र सरकारचा हिपॅटायटीसचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत, आणि हे आमच्या गल्लीत एकालाही माहीत नव्हतं. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटॅसव्हिर, रोज, बारा आठवडे. आई कालनिर्णयवर रोज पेन्सिलने एक रेघ मारायची, चौऱ्याऐंशी रेघा. पूर्वी यालाच इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, सहा महिने ते वर्षभर, ताप, केस गळणं, मन खचून जाणं, आणि एवढं सोसून कितीतरी जण बरे व्हायचेच नाहीत. आता शंभरात पंच्याण्णवच्या वर लोक बरे होतात. सोफोसबुव्हिर 2013 च्या शेवटी अमेरिकेत आली तेव्हा एक गोळी 1000 डॉलरला होती, म्हणजे पूर्ण कोर्स 84,000 डॉलर, नंतर भारतीय कंपन्यांना ती बनवायचं लायसन्स मिळालं आणि किंमत कुठच्या कुठे खाली आली. हा विषाणू शोधणाऱ्या हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चं नोबेल मिळालं, ते कोरोनाच्या गडबडीत आपल्याकडे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

गोळ्या संपल्यावर अजून तीन महिन्यांनी आरएनए टेस्ट, म्हणजे रक्तात खुद्द विषाणू शोधणारी टेस्ट केली, विषाणू नाही. डॉक्टर म्हणाले, काकू तुम्ही बऱ्या झालात. आईने घरी येऊन पहिलं काम काय केलं तर कात्रीने तो दोरा कापला.

पण खरं लिहायचंय ते पुढचं. मागच्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दुसऱ्या एका हॉस्पिटलात गेलो, परत रक्त घेतलं, परत रिअॅक्टिव्ह. फाइलवर लाल शिक्का, तारीख ढकलली, वेगळ्या किटचे जादा पैसे सांगितले, आणि बरं झाल्याचा रिपोर्ट दाखवला तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह. तसं नसतं हो! साध्या टेस्टमध्ये दिसते ती अँटिबॉडी, म्हणजे शरीर कधीतरी या विषाणूशी लढलं त्याची खूण, ती बरं झाल्यावरही बहुतेकांच्या रक्तात वर्षानुवर्षं राहते. विषाणू आत्ता आहे की नाही ते फक्त आरएनए टेस्ट सांगते. आई त्या रात्री परत तांब्या वेगळा ठेवायला निघाली होती.

म्हणून माझी विनंती आहे की तुमच्या आरोग्याच्या पानावर एकदा तरी ठळक चौकट छापा, रिअॅक्टिव्ह आलं तर घाबरू नका आणि तिथेच थांबू पण नका, आरएनए टेस्ट करा, बरे झाला असाल तर तो रिपोर्ट प्रत्येक फाइलला लावा. आणि ज्यांना 2000 च्या आधी रक्त चढवलंय, जे डायलिसिसवर आहेत, ज्यांनी जत्रेत गोंदवून घेतलंय, त्यांनी एकदा सिव्हिलला जाऊन तपासून घ्या. हिपॅटायटीस बी ला लस आहे तशी सी ला नाही. लिव्हर कडक होऊन गेल्यावर, म्हणजे सिरॉसिस झाल्यावर गोळ्यांनी विषाणू जातो पण कॅन्सरसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहावं लागतं, तेवढं आधी कळलं तर ते टळतं. आईचं कळलं ते मोतीबिंदूमुळे. माझ्या मावशीलाही त्याच काळात बाळंतपणात रक्त दिलं होतं, तिला पुढच्या सोमवारी घेऊन जातेय.

आपली,
एक वाचक, कराड