आतून कडी लागेल अशी एक खोली हवी आहे

सांगली-मिरजेतल्या, स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या आम्ही काही बायका महिन्यातून एका शनिवारी जमतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळहूनही येतात. हाताची सूज, गोळ्या, तपासणीच्या तारखा, सगळं बोलून होतं. खरा प्रश्न निघतो तो चपला घालताना. मागच्या खेपेला पस्तिशीतली एक जण उंबऱ्यापाशी घुटमळली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "ताई, ह्यांना माझ्यापासून लागण तर व्हायची नाही ना?" ऑपरेशनला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती मुलांच्या खोलीत झोपत होती.

कॅन्सर स्पर्शाने लागत नाही, जवळ येण्याने लागत नाही. एवढं एक वाक्य तिला दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं, कारण ओपीडीत मागे दहा माणसं उभी असतात आणि सोबत सासू असते.

त्रास मनाचाच असतो असं नाही. केमोने पाळी वेळेआधी बंद पडू शकते. पाळी गेल्यावर दिली जाणारी लेट्रोझोलसारखी गोळी अंगातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या शरीरातलं हॉर्मोन, आणखी खाली आणते, आणि ती साधारण 5 वर्षं घ्यायची असते. योनीमार्ग कोरडा पडतो, आग होते, संबंधाच्या वेळी दुखतं. दुखतं म्हणून बाई टाळते, आणि नवऱ्याला वाटतं हिचं मनच उडालं. यावर इलाज आहे. हॉर्मोन नसलेलं मॉइश्चरायझर जेल आठवड्यातून दोन-तीनदा आणि संबंधाच्या वेळी पाण्यात विरघळणारं ल्युब्रिकंट, एवढ्यानेही पुष्कळ जणींना आराम पडतो. हॉर्मोनचं मलम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही.

तरुण मुलींना आणखी एक सांगावं लागतं. पाळी थांबली म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं धरून चालू नका. टॅमॉक्सिफेन ही याच कॅन्सरवरची गोळी चालू असताना दिवस गेले तर बाळाला धोका असतो. गर्भनिरोधक गोळ्या या आजारात चालत नाहीत. निरोध किंवा कॉपर-टीबद्दल डॉक्टरांशी बोला.

हे सगळं उंबऱ्यावर उभं राहून बोलायचं नाही, म्हणून हे आवाहन.

पहिली गरज जागेची. महिन्यातून एक शनिवार दुपारी, मिरज स्टेशन किंवा सांगली एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशी खोली द्या. मंगल कार्यालयाची वधूपक्षाची खोलीही चालेल. दुसरी गरज माणसांची. एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी दोन तास द्यावेत. ओटीपोटाच्या तळाच्या, योनीभोवतालच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मिळाल्या तर फारच बरं, कारण दुखण्याच्या भीतीने ते स्नायू आखडलेले असतात. आणि नवऱ्यांशी बोलेल असा एखादा समजूतदार पुरुष डॉक्टर हवा आहे. नवरे येतात, बाहेर गाडीवर बसून राहतात. त्यांनाही काही विचारायचं असतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

शिवणकाम करणाऱ्या बायकांनाही विनंती आहे. आमच्यातल्या एकीने कितीतरी दिवस ब्लाऊजच्या आत रुमालाची घडी सेफ्टी पिनने लावून काढले. हात वर केला की घडी सरकायची, म्हणून ती हळदीकुंकवाला जाईनाशी झाली. आतून सुती खिसा लावलेला ब्लाऊज आणि त्यात बसेल असा मऊ उभार एवढंच लागतं. माप आम्ही देऊ, कापडही देऊ.

पैसे लागतील ते जेलच्या ट्यूब आणि प्रवासासाठी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन आणि केमो निभावून गेलेल्या घरातही ही ट्यूब पदरच्या पैशाने आणावी लागते, आणि दुकानात पुरुष उभा असला की बाई ती न मागताच परत येते. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं तरी जतहून येऊन जायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो. तुम्ही शंभर रुपये दिलेत तरी पावती मिळेल, आणि खर्चाची वही कोणालाही कधीही बघता येईल.

फोटो काढले जाणार नाहीत, हजेरीपटावर नाव लिहायची सक्ती नाही. देणाऱ्यांचा फलकही आम्ही लावणार नाही, तेवढं समजून घ्या.

खोली देणाऱ्यांनी एवढं जरूर बघावं की दाराला कडी आतून आहे.