डायनासोर उरले असते, तर ते आमच्याच बागेत आले असते

मा. संपादक,
स. न.

माझा नातू वेंगुर्ल्याला सहावीत आहे. ‘डायनासोर नष्ट झाले नसते तर’ असा निबंध त्याला शाळेत घातला होता. त्याने लिहिलं की, वायंगणीच्या किनाऱ्यावर लांब मानेचा डायनासोर फिरला असता, सगळ्यांना शहाळी काढून दिली असती आणि रात्री आजोबांच्या बागेत झोपायला आला असता. फोनवर त्याने तो मला वाचून दाखवला. कौतुक वाटलं आणि पोटात गोळाही आला. माझी बाग दोडामार्ग तालुक्यात आहे. मोठं जनावर दाराशी आलं की काय होतं, ते आम्ही बघतो आहोत.

2002 साली कर्नाटकातून हत्ती आमच्याकडे उतरले. माझ्या आईने शेतात उमटलेल्या पावलावर हळदकुंकू वाहिलं. “गणपती इलो आपल्या घराक,” म्हणाली. परातीएवढं पाऊल, त्यात साचलेलं पाणी आणि चिखलात रुतलेली भाताची रोपं मला अजून दिसतात. पुढे काही वर्षांनी एका रात्रीत आमचे अकरा माड गेले. हत्ती कपाळाने रेटून माड आडवा पाडतो आणि शेंड्याचा कोवळा गाभा खातो. वडिलांनी घागरीने शिंपून जगवलेली ती झाडं होती. पंचनामा झाला. भरपाई आली, ती त्या माडांच्या एका वर्षाच्या नारळांएवढीही नव्हती. नवा माड धरायला सहा-सात वर्षं लागतात, त्याचा हिशेब कुणी केलाच नाही.

नातवाच्या निबंधामुळे मी डायनासोरांविषयी वाचत बसलो. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आयसिसॉरस या लांब मानेच्या डायनासोरची हाडं सापडली आणि पिसदुऱ्याला अशा प्राण्यांची दगड झालेली विष्ठा. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचं 2005 साली प्रसिद्ध झालं. पुढे 2011 मध्ये संशोधकांनी त्यातलं काही गवत भाताच्या कुळीतलं असल्याचं मांडलं. हे वाचून मी चमकलो. म्हणजे हे जनावर नुसत्या माडांवर थांबलं नसतं, आमच्या भाताच्या कुणग्यातही उतरलं असतं! एका हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. हे तर कित्येक हत्तींच्या वजनाचं.

6.6 कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोजवळ तो अवकाशातला धोंडा आदळला नसता, तर आपल्यासारखे सस्तन प्राणी बहुधा घुशी-मांजराएवढेच राहिले असते, निबंध लिहायला माणूसच नसता. पण मुलाच्या कल्पनेतल्यासारखे दोघेही असते असं धरलं, तरी मला वाटतं, आपण त्यांना फार दिवस जगू दिलं नसतं. हत्ती पकडून न्या म्हणून मीही मोर्चात ओरडलो आहे. माझा राग खोटा नव्हता. पण त्याच वर्षांत आमच्या आजूबाजूचे डोंगर रबर आणि अननसासाठी उघडे झाले, तेव्हा मी गप्प होतो. याची आज लाज वाटते. 2020 साली आमच्याच भागातल्या तिलारीला संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, चांगलंच झालं. पण ते 29.53 चौरस किलोमीटर. एवढ्यात हत्तींचा कळप कसा मावणार?

आणि डायनासोरांचं कूळ पुरतं संपलेलं नाही. पक्षी त्यांचेच वंशज. आमच्या वरच्या डोंगरावर जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घ्यायची. फटीतून फक्त चोचीचं टोक दिसायचं आणि नर दिवसभर फळं आणून भरवायचा. ते झाड रबरासाठी तोडलं. पुढच्या हंगामात जोडी आली, दोन दिवस घिरट्या घालून गेली, ती परत आली नाही.

म्हणून माझं मागणं असं की, माडाचं वय आणि तो पुन्हा धरेपर्यंतची वर्षं धरून भरपाई द्यावी आणि ती पावसाच्या आत हातात पडावी. म्हणजे बागायतदाराला हत्ती वैरी वाटणार नाही. दुसरं, डोंगराला डोंगर जोडणारं जंगल खाजगी मालकीचं असलं तरी तोडू देऊ नये. ते राखणाऱ्याला दरवर्षी मोबदला द्यावा. माझ्या वाटणीचा डोंगर मी तसाच ठेवला आहे.

पडलेल्या माडांच्या जागी या मे महिन्यात मी अकरा खड्डे मारले आहेत. रोपं आणायची आहेत.

आपला,
एक बागायतदार,
ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग