तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, आता तरी थँक्यू म्हणू द्या

काकू, नी हाव!

चीनमधे शिजियाझुआंगला माझ्या बाळंतपणात तुम्ही शेजारीण म्हणून एवढं केलंत, पण तुम्हाला थँक्यू म्हणलेलं चालत नाही, लगेच हात झटकून विषय बदलता. आमच्या सांगलीतही शेजारच्या काकूला कुणी थँक्यू म्हणत नाही म्हणा, म्हणलं तर काकू विचारेल तब्येत बरी आहे ना तुझी. म्हणून मुद्दाम मराठीत लिहितीये, म्हणजे तुम्हाला मधेच थांबवता येणार नाही. तुमची लेक वीचॅटच्या, म्हणजे तिकडच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या, ट्रान्सलेटरमधे टाकेल कदाचित, त्यातून काय अर्थ निघेल देव जाणे.

इथे बाकीचे वाचणारे विचारतील हे शिजियाझुआंग कुठलं, तर बीजिंगहून हायस्पीड ट्रेनने तास-दीड तास, औषधांच्या कच्च्या मालाचं मोठं सेंटर, नवरा फार्मातला म्हणून आम्ही तिथे. आणि आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी तिथल्याच शहीद स्मारकात आहे. 1938 ला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला आले, 1942 ला तिकडे हेबेई प्रांतातच वारले, वय फक्त 32. मी इंडियाची आहे म्हणल्यावर काकू, तुम्ही लिफ्टमधे पहिलं नाव तेच घेतलं होतंत, के दिहुआ, के दिहुआ, आणि मला वाटलं सोसायटीतल्या कुणा माणसाबद्दल विचारताय. नवऱ्याने घरी आल्यावर सांगितलं की कोटणीसांचंच चिनी नाव ते.

तर 2020 चा डिसेंबर. कोरोनामुळे मार्चपासून चीनने बाहेरच्या लोकांना दारं बंद केलेली, त्यामुळे बाळंतपणाला आई येणार हा प्लॅन कधीच बारगळला होता. तिने बिचारीने डिंकाचे लाडू करून ठेवलेले, ते शेवटी आमच्या भावानेच संपवले. हॉस्पिटलमधून घरी आलो त्याच संध्याकाळी तुम्ही दारात, हातात मोठा थर्मास आणि डबा. डब्यात राळ्याची पेज, वरून तांबडी साखर, म्हणजे चवीला आपला गूळच की. मी आयुष्यात राळे फक्त आजीच्या तोंडून ऐकलेले, आणि पहिल्यांदा खाल्ले ते चीनमधे, बाळंतिणीचं खाणं म्हणून! डुकराच्या पायाचं सूप पण आणलं होतंत, दुधासाठी, शेंगदाणे घालून. आम्ही मांस खात नाही कळल्यावर तुम्ही भांडं तसंच उचललंत, काही बोलला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी नुसते शेंगदाणे आणि जवळच्या झानहुआंगची सुकवलेली लाल चिनी बोरं उकडून घेऊन आलात. चायनात व्हेज म्हणलं की लोक चिकन तरी चालेल ना विचारतात, हे सगळ्या इंडियन्सना माहितीये, तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

तुमच्याकडे याला महिना बसणं म्हणतात आणि आमच्याकडे सव्वा महिना. मला वाटलं होतं परक्या देशात आपलं तेल-मालिश-शेक कोण समजून घेणार, आणि इथे तुम्ही आमच्या आईपेक्षा कडक. थंड पाणी नाही, खिडकी उघडायची नाही, वारं लागेल, पायात मोजे, कानावर टोपी. बाहेर मायनस तापमान आणि आत सरकारी हीटिंग, जे तिकडे 15 नोव्हेंबरला चालू होतं ते थेट 15 मार्चलाच बंद, मग टोपीत घाम गाळत बसायचं. आई रोज व्हिडिओ कॉलवर असायची, तुम्ही दोघी एकमेकींचा एक शब्द न कळता एकमेकींना माना डोलवत होतात, सगळ्या मुद्द्यांवर एकमत.

फक्त आंघोळीवर फाटलं.

आई म्हणाली कडकडीत पाण्याने रोज अंघोळ घाल, तेल लावून. मी बाथरूमकडे टॉवेल घेऊन निघाले आणि तुम्ही दारातच उभ्या, अक्षरशः दोन्ही हात पसरून. महिनाभर आंघोळ नाही, केस तर नाहीच नाही, म्हातारपणी डोकं दुखेल, सांधे दुखतील. इकडे फोनवर आई ओरडतीये, अंघोळ नाही म्हणजे काय, अंगाला वास येईल, बाळंतिणीला शेक पाहिजे. मधे मी, टॉवेल हातात. शेवटी तुम्हीच तोड काढलीत, हीटरची नळी बाथरूममधूनही जाते म्हणून आधी ती खोली अर्धा तास तापवायची, केस पुसून लगेच ड्रायर, आणि ड्रायर तुम्ही स्वतः धरणार. धरलात पण. त्या गोष्टीवर तुमचा विश्वास नव्हता तरी धरलात, आणि वर रोज बोलत होतात की बघ हं, पन्नाशीला माझी आठवण काढशील.

बाळाला पाय लांब करून पायांवर घालून आंघोळ घातली तेव्हा मात्र तुम्ही गप्प. नाकात तेल, टाळूवर तेल, हात क्रॉस, पाय क्रॉस. मग व्हिडिओ काढलात आणि तुमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलात, परत विचारलंत पण नाही (म्हणजे प्रायव्हसी वगैरे तुमच्याकडेही नाही आणि सांगलीतही नाही). दुसऱ्या दिवशी तीन काकवा बघायला हजर, आणि एकीने बाळासाठी खाली मधोमध उघडी असलेली पॅन्ट आणलेली, डायपरची गरजच नाही म्हणे. नवऱ्याला ती पॅन्ट फाटकी वाटली, तो शिवायला निघाला होता.

महिना पूर्ण होण्याच्या सुमारास, 2021 च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, शहरात केसेस वाढल्या आणि शिजियाझुआंग सील. सोसायटीचं गेट बंद, खाली टेस्टिंगच्या रांगा. बाळ महिन्याचं झाल्याचा कार्यक्रम तुम्ही आमच्यापेक्षा जास्त मनावर घेतला होतात, तो गेलाच. पण सकाळी दाराच्या हँडलला पिशवी, आत लाल रंगाने रंगवलेली उकडलेली अंडी आणि बाळाला वाघाचं तोंड असलेले चिमुकले बूट. आणि वीचॅटवर तुमचे साठ साठ सेकंदांचे व्हॉइस मेसेज, एकामागून एक, अंडी कुणाला द्यायची, रंग हाताला लागला तर काय करायचं. अंडी आम्ही खातो, ते तुम्ही आधी विचारून ठेवलं होतंत. डायपर संपत आले होते तर ग्रुप ऑर्डरमधे आमचं नाव तुम्हीच टाकलंत, मला तो ग्रुप वाचताही येत नव्हता.

आणि 12 फेब्रुवारीला चिनी नवं वर्ष लागलं तेव्हा तुम्ही जाहीर केलंत की लेकरू आता दोन वर्षांचं. दोन महिन्यांचं नाही, दोन वर्षांचं! जन्मल्या जन्मल्या एक, आणि सणाला अजून एक. सणाच्या पैशांचं लाल पाकीट पण दोन वर्षांच्या मुलाच्या हिशोबाने दिलंत, मी परत करायला गेले तर तुम्ही माझ्या खिशात कोंबलंत, मी तुमच्या, लिफ्टचं दार तोवर तीनदा उघडून बंद झालं.

काकू, एवढं सगळं परत फेडायला मला जमणार नाही आणि तुम्ही घेणारही नाही. पण इंडियाने जुलै 2025 पासून तुम्हा लोकांना टुरिस्ट व्हिसा परत सुरू केलाय, ऑक्टोबरपासून डायरेक्ट फ्लाईट पण आहेत. तर या आता सांगलीला, लेकीलाही घेऊन या. आई विचारतीये कधी येणार. गरम पाणी प्यायला मिळेल, राळे शोधून ठेवलेत, फक्त आंघोळ रोज करावी लागेल, त्यावर आई ऐकणार नाही.

तुमची,
सातव्या मजल्यावरची