मंत्रीमहोदय, शाळा सुटल्यावर शाळेच्या खोल्या वस्तीला वापरू द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी वस्तीतल्या एका छोट्या संस्थेत काम करते. आमच्यात पगारी कोणीच नाही, सगळे आपली नोकरी, घर सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी येतात. तुमच्याकडे अनुदान मागायला हे पत्र लिहीत नाहीये, नवीन योजनाही नकोय. मागणी एकच आहे की सरकारी आणि पालिकेच्या शाळा सुटल्यावर ज्या खोल्या बंद होतात त्या नोंदणीकृत संस्थांना कुटुंबांच्या मोफत कामासाठी वापरायला मिळाव्यात आणि तसा स्पष्ट जीआर तुमच्या खात्याने काढावा.

आता आम्ही करतो काय ते सांगते, कारण "सामाजिक कार्यक्रम" म्हटलं की लोकांना स्टेज, माईक आणि सत्कारच आठवतात. आमच्याकडे संध्याकाळी अभ्यासिका चालते, घरात एकच खोली आणि त्यात टीव्ही चालू अशा घरातली मुलं तिथे बसून अभ्यास करतात. खेळण्यांची आणि पुस्तकांची लायब्ररी आहे, पोरं वस्तू घेऊन जातात आणि आठवड्याने परत आणतात. अधूनमधून डोळे-दात तपासणी, लसीकरणाची माहिती, दहावीनंतर काय यावर पालकांची बैठक, आजी-आजोबांचा गप्पांचा कट्टा असं सगळं चालतं.

पण सगळ्यात जास्त गर्दी कशाला होते माहितीये? कागदपत्रांच्या टेबलाला. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म, आधारवर नावाचं स्पेलिंग चुकलंय, बँक खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून पैसे अडकलेत, अशी एकेक गुंतागुंत घेऊन बायका येतात आणि आमची कॉलेजची पोरं त्यांच्याबरोबर बसून ती सोडवतात. आणि या टेबलावर खरं काम फॉर्म भरून झाल्यावर सुरू होतं. फॉर्म भरून झाला तरी एखादी ताई उठत नाही, पिशवी आवरत बसते, मग हळूच सांगते की घरी मारहाण होते, किंवा मुलगी शाळेत जायला नाही म्हणतेय आणि कारण सांगत नाही, किंवा नवऱ्याने कर्ज काढलंय आणि सही हिची घेतलीय. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार बाईला आणि मुलाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते, हे तिला माहीत नसतं, ते सांगून तिला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा कार्यालयापर्यंत सोबत नेणं हे आमचं काम. पण साहेब, हे बोलायला दार लागतं. जिन्याखाली किंवा कोणाच्या ओट्यावर चार शेजारी ऐकत असताना कोणती बाई तोंड उघडेल? म्हणून खोलीची मागणी ही आमची सोय म्हणून करत नाहीये, खोली नसेल तर निम्मी मदत होतच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे, १९७५ पासूनची ती यंत्रणा आहे आणि तिच्या सेविका, मदतनीस किती काम करतात ते आम्ही रोज बघतो. केंद्र सरकारच्या मिशन शक्ती योजनेतलं पाळणाघरही सहा वर्षांपर्यंतच. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं, पण घरकाम करणारी, रोजंदारीवर जाणारी, घरूनच शिलाई करणारी बाई त्यात कुठेच बसत नाही. आणि सात ते चौदा वर्षांच्या मुलाचं काय? शाळा सुटल्यापासून आईबाप घरी येईपर्यंतचे तास कोणत्याच खात्याचे नाहीत. ती मुलं रस्त्यावर असतात, मोबाइलवर असतात, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळत असतात, आणि त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे बाक, फळा, दिवे, संडास असलेली पूर्ण इमारत कुलूपबंद असते. मला याचं खूप वाईट वाटतं, स्पष्टच सांगते.

तुम्ही म्हणाल नियम काय सांगतो. तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये परिच्छेद ७.१२ मध्ये लिहिलंय की शाळेच्या इमारतीची न वापरली जाणारी क्षमता शिकवण्याच्या वेळेबाहेर समाजासाठी, सामाजिक आणि स्वयंसेवी उपक्रमांसाठी वापरता येईल, "सामाजिक चेतना केंद्र" म्हणून. त्याच धोरणात प्रौढ शिक्षणाच्या प्रकरणातही शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी शाळा वापरायचं म्हटलंय, आणि उल्लास हा २०२२ ते २०२७ चा साक्षरता कार्यक्रम तर स्वयंसेवकांवरच उभा आहे. म्हणजे धोरणाला मान्य आहे. खाली मुख्याध्यापकांकडे गेलं की ते म्हणतात वरून लेखी आणा, वर गेलं की म्हणतात शाळेने ठरवावं. आम्हाला एका शाळेत तोंडी परवानगी मिळाली होती, अभ्यासिका छान बसली, आणि मग अधिकारी बदलले आणि एका दिवसात सामान बाहेर काढावं लागलं. नव्या अधिकाऱ्यांचा दोष म्हणत नाही, त्यांच्या हातात कागदच नव्हता आणि उद्या काही झालं तर जबाबदारी त्यांच्यावर आली असती. मुलांना मात्र हे कसं सांगायचं ते आम्हाला कळत नव्हतं.

शाळा उघडता येत नाही असंही नाही. मतदानाला ती उघडते, परीक्षांना उघडते, पूर आला की तिथेच लोकांना ठेवतात. ही इमारत वस्तीची आहे हे आणीबाणीत सगळ्यांना मान्य असतं, साध्या मंगळवारच्या संध्याकाळीही ते मान्य व्हावं एवढंच आम्ही मागतोय.

भाड्याने जागा घ्या असं बरेच जण सुचवतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामावर, खर्च करायचाय, पण त्यासाठी संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी, आयकर सवलतीच्या १२अ, ८०जी नोंदण्या सगळं लागतं, आणि ते जमवलं तरी आमचा अनुभव असा की कंपनीला कॉम्प्युटर द्यायला आवडतं, दर महिन्याचं भाडं द्यायला नाही. आमच्यासारख्या संस्थांचं ऑडिट, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचे हिशोब, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत त्या बदलाची नोंद करायचा चेंज रिपोर्ट, हे सगळं आम्ही करतो आणि करायलाच पाहिजे, लोकांचा पैसा आहे. पण जागेचं भाडं हीच अशी गोष्ट आहे की जी चांगल्या चाललेल्या संस्थेलाही बंद पाडते.

आता भीती. चोरी, मोडतोड, राजकीय पक्षांच्या सभा, धार्मिक कार्यक्रम, मुलांची सुरक्षितता, या सगळ्या भीती खऱ्या आहेत आणि जीआरमध्ये त्यांची सोय असली पाहिजे. माझं म्हणणं असं की परवानगी शाळा व्यवस्थापन समितीने द्यावी. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार त्या समितीत तीन चतुर्थांश आईबाप-पालक असतात आणि निम्म्या महिला, म्हणजे कोणती संस्था खरंच काम करते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. परवानगी सहा महिन्यांची द्या, तक्रार आली तर समितीला रद्द करता यावी. पक्षाचा झेंडा नाही, फी नाही, वर्गणी नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी, आणि मोठं माणूस कधीच एकटं एका मुलाबरोबर बंद खोलीत नाही. बायकांशी खाजगी बोलायचं असेल तिथे दुसरी कार्यकर्ती दाराशी. तळमजल्याच्या दोनच खोल्या आणि संडास द्या, बाकी इमारत बंद राहू दे.

एक गोष्ट हात जोडून सांगते, हे काम शिक्षकांवर टाकू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून त्यांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, आणि त्यांच्यावर आधीच काय काय आहे ते आम्हाला दिसतं. किल्ली संस्थेच्या नावावर रजिस्टरमध्ये सही करून द्या. झाडणं-पुसणं, विजेचा जादा खर्च, तुटलेलं भरून देणं हे संस्थेवर, सकाळी पहिली घंटा व्हायच्या आत बाक जसे होते तसे. हे आम्ही लिहून द्यायला तयार आहोत.

पालिकेच्या शाळा नगरविकास खात्याच्या अखत्यारीतल्या संस्था चालवतात आणि जिल्हा परिषदेच्या ग्रामविकासच्या, हे माहितीये, म्हणून एकट्या तुमच्या सहीने काम होईलच असं नाही. पण सुरुवात तुमच्या खात्यातूनच व्हावी लागेल. तिन्ही खात्यांची एक बैठक लावा, वस्तीत काम करणाऱ्या संस्थांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांमधल्या आयांनाही तिथे बोलवा, आणि सगळ्या राज्यात एकदम नको असेल तर प्रत्येक जिल्ह्यात थोड्या शाळांपासून एका सत्रासाठी करून बघा. नियमांचा मसुदा आम्ही तयार ठेवलाय, तुमच्या कार्यालयाने वेळ दिली की घेऊन येतो.

आपली,
वस्तीतल्या संस्थेची एक कार्यकर्ती